टेपेस्ट्री शिकताय? चित्राचं नंतर बघू, आधी कडा सांभाळा

मी टेपेस्ट्री, म्हणजे धाग्यांनी चित्र विणणं, सुरू केलं तेव्हा डोक्यात नुसतं डिझाइन होतं, डोंगर काय, चंद्र काय, निळ्याच्या सात शेड्स काय. खाली 25 सेंटीमीटर रुंद असलेलं काम मधे 19 वर आलं, अक्षरशः डमरू! आणि रोज जेमतेम दोन बोटं पुढे सरकत होते त्यामुळे ते आवळत चाललंय हे कळलंच नाही.

चूक साधी होती, बाणा (आडवा धागा) ताठ ओढत होते. टेपेस्ट्रीत ताणा (फ्रेमवर ताणलेले उभे धागे) पूर्ण झाकला जातो, दिसतो फक्त बाणा, म्हणजे त्याला प्रत्येक ताण्याच्या वरून-खालून वळसे घेत जावं लागतं आणि त्याला जास्तीची लांबी लागते. ती दिली नाही की तो कडेचे धागे आत खेचतो. म्हणून धागा कमानीसारखा टाकायचा, मग बोटाने ठिकठिकाणी दाबून त्याच्या छोट्या छोट्या टेकड्या करायच्या आणि मगच ठोकून खाली बसवायचं (जेवणातला काटा चालतो, मी अजून तोच वापरते). कडेला मात्र फार ढिला सोडू नका, लूप लोंबतात. आणि दर दोन-तीन सेंटीमीटरला पट्टी लावा, डोळ्यांवर भरवसा नको.

सुरुवातीला साधी फ्रेम, इंचाला 6 ते 8 ताणे आणि ताण्यासाठी न ताणला जाणारा पक्का पिळाचा सुती धागा, बास. लोकरीचा स्टॉक करून ठेवू नका, मी केला होता.

इथे प्रत्येक रंग आपापल्या भागातच मागेपुढे फिरतो, त्यामुळे दोन रंग उभ्या रेषेत भेटले की मधे फट पडते. ती नंतर शिवता येते, किंवा विणतानाच धागे एकमेकांत अडकवता येतात. बारीक उभ्या रेषा जास्त असतील तर सरळ चित्रच आडवं करून विणा, जुन्या कार्यशाळांतही हेच चालायचं.

"ही कला की हस्तकला?" हे ऐकायची तयारी ठेवा. विणकर-कलाकार अॅनी अल्बर्सना बाउहाउस या जर्मन कलाशाळेत काचेच्या कार्यशाळेत जायचं होतं, पण बायकांना विणकामाकडेच वळवलं जायचं, आणि त्याच विणकामावर 1949 ला न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांचं एकल प्रदर्शन झालं. 1962 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला टेपेस्ट्रीचं बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं प्रदर्शन) सुरू झालं, मग पोलिश कलाकार माग्दालेना अबाकानोविच यांची कामं तर भिंत सोडून छताला टांगली जायला लागली, ज्यांच्या आत शिरता येतं अशी. आणि हो, फ्रान्समधल्या बायो (Bayeux) गावची प्रसिद्ध टेपेस्ट्री ही मुळात टेपेस्ट्री नाहीच, भरतकाम आहे ते!

पैशाचं म्हणाल तर पहिल्या ऑर्डरला मी अंदाजाने आकडा सांगितला आणि काम तिप्पट वेळ चाललं, वर समोरच्याला रंगही बदलून हवे होते. आता तळहाताएवढा नमुना घड्याळ लावून विणते, रंग त्यावरच पक्के करून घेते आणि मगच किंमत बोलते. हे नमुने टाकून देऊ नका, मागे तारीख, धागा, तास लिहून ठेवा. माझा तो डमरूही अजून आहे, 19 असं लिहिलेला.