बॉनेटवरचं कार्बन फायबर सुटलं तेव्हा

पहिल्या खेपेला बॉनेटवर कार्बन फायबरच्या कापडाचा थर चढवला, तो दोन महिन्यांत कडेने उचलला. नख घालून ओढला तर अख्खा पापुद्रा हातात आला, आणि त्याच्या पाठीला गाडीचा रंग चिकटलेला. म्हणजे कापड चिकटवणाऱ्या रेझिनने आपलं काम चोख केलं होतं. पत्रा सोडला होता तो जुन्या रंगाने. मी मात्र उगाच रेझिन कडक करणाऱ्या हार्डनरला शिव्या घालत बसलो होतो.

दुसऱ्या वेळी पॅनेल आधी साबणाने धुतलं, मग मेण आणि सिलिकॉन काढणाऱ्या द्रवाने पुसलं. हे सँडपेपरने घासण्याआधीच करायचं, नाहीतर पॉलिशचं मेण ओरखड्यांत जाऊन बसतं. मागे कधीतरी पुन्हा रंगवलेला भाग ८० नंबरच्या पेपरने थेट पत्र्यापर्यंत उतरवला. मूळ रंग जिथे घट्ट होता, तिथे १२० ने नुसती चकाकी घालवली, पण पूर्ण. तिरप्या उजेडात बघितलं की राहून गेलेले चकचकीत ठिपके लगेच दिसतात. कडा किंचित गोल केल्या. धारदार कडेवर कापड बसत नाही, उठतंच.

उघड्या पत्र्यावर कार्बन थेट टेकवू नका. कार्बन वीजवाहक आहे, ओल शिरली की पत्रा झपाट्याने गंजतो. मी काळ्या इपॉक्सी रेझिनचा बेस कोट दिला आणि तो बोटाला चिकट लागेल, पण बोटावर येणार नाही अशा अवस्थेत कापड अंथरलं. ग्लोव्ह घातलेलं बोट, हां. घासताना मास्कही हवाच.