बालपणीच्या गुपितांवर थरारकादंबरी लिहिताय? मग या चुका टाळा

हस्तलिखिते वाचून त्यांवर अभिप्राय देण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि त्यांत एक साचा वारंवार समोर येतो: चाळिशीतला नायक गावच्या वाड्यात परततो, माळ्यावर जुनी ट्रंक सापडते आणि लहानपणी घडलेले काहीतरी भयंकर वर येऊ लागते. साच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच त्या चुकांबद्दल.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ते गुपित इतकी वर्षे दडून कसे राहिले, याचा लेखकाने विचारच केलेला नसतो. एका नवोदित लेखकाच्या कादंबरीत १९८८ च्या उन्हाळ्यात दहा-बारा वर्षांची दोन भावंडे आपल्या क्रूर चुलत्याला लातूरकडच्या एका गावातल्या विहिरीत ढकलतात, आणि २०१६ च्या दुष्काळात, म्हणजे मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या वर्षी, विहीर आटून सांगाडा उघडा पडतो. मी भारावून गेले होते. औसा तालुक्यात जन्मभर शेती केलेल्या माझ्या मामांना मी ती गोष्ट कौतुकाने सांगितली. ते सुपारी कातरत होते. अडकित्ता न थांबवता ते म्हणाले, "अगं, चार दिवसांत फुगून वर येतं ते. बरं, नाही आलं असं धर. पण अठ्ठावीस वर्षं त्या विहिरीतला गाळ कुणीच काढला नाही का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. विहिरीत साधी कळशी पडली तरी लोक गळ टाकून ती काढतात; इथे तर लेखकाने आख्ख्या गावाला त्याच विहिरीचे पाणी पाजले होते.

गुपित आपोआप टिकत नाही, कोणीतरी ते राखावे लागते. म्हणून मी स्वतः एक वही करते: घटनेपासून आजपर्यंतच्या प्रत्येक वर्षाला एक ओळ, आणि त्या ओळीत त्या वर्षी हे कोणाला ठाऊक होते, तो गप्प का बसला आणि त्या गप्प बसण्याची त्याने काय किंमत मोजली, एवढेच. हे काम कंटाळवाणे आहे. "आधी लिहून टाकतो, दुवे नंतर जुळवतो" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे दुवे नंतर जुळलेले मी फारसे पाहिलेले नाहीत.

दुसरी चूक आठवणींची. नायकाला अपघात होतो, डोक्याला मार लागतो आणि विसरलेली ती दुपार चित्रपटासारखी सलग, संवादांसकट परत येते. आठवण अशी कपाटात घडी घालून ठेवलेली नसते, ती दर वेळी नव्याने रचली जाते. मानसशास्त्राच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या लहानपणीच्या तीन खऱ्या हकिकतींसोबत एक खोटी हकिकत दिली होती, की तुम्ही पाच वर्षांचे असताना बाजारसंकुलात हरवला होता. त्यांतल्या जवळपास चतुर्थांश लोकांना ते न घडलेले हरवणे पूर्ण किंवा अर्धवट आठवू लागले. थरारकादंबरीसाठी याहून चांगले भांडवल कोणते? भावाला बहिणीचा हात आठवावा, बहिणीला भावाचा, आणि दोघेही प्रामाणिक असावेत. प्रसंग लिहिताना मी मुलाच्या उंचीवर बसते: त्याला मोठ्यांचे चेहरे कमी दिसतात, धोतराचा ओला काठ दिसतो, आणि दाराची कडी हाताला लागत नाही. मूल "त्याच्या नजरेत वासना होती" असा विचार करत नाही. काकांच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो, एवढेच त्याला कळते.

कायद्याचेही भान ठेवा. बाराव्या वर्षी केलेल्या खुनासाठी आता फाशी होईल या धास्तीने नायक तीनशे पाने पळत असतो. खुनाचा खटला भरायला मुदतीचे बंधन नाही हे खरे, पण आरोपीचे वय गुन्ह्याच्या दिवशीचे धरतात आणि आपण तेव्हा अल्पवयीन होतो हा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर करता येतो. त्याला धास्ती असावी ती आईला कळण्याची.

भारतात मोबाइल १९९५ साली आला, त्यामुळे १९९२ च्या आईच्या हातात तो देऊ नका. स्वप्नांची प्रकरणे काढून टाका, सगळी.

त्या विहिरीच्या लेखकाने मात्र माझे ऐकले आणि आठ महिन्यांनी तिसरा खर्डा आणला. आता विहीर गावाची राहिलेली नाही, ती वाड्यामागची पडकी, कोरडी विहीर आहे. विहिरीत साती आसरा आहेत असे सांगणारी आजी दर अमावास्येला काठावर दहीभाताचा नैवेद्य ठेवते आणि कोणालाही आत उतरू देत नाही. कादंबरी सुरू होते ती आजीच्या तेराव्यानंतर, नातवंडे जमीन विकायला काढतात आणि जेसीबी येतो तिथून. मामांना ते प्रकरण मी वाचून दाखवले. या वेळी अडकित्ता थांबला. "म्हातारी असेपर्यंत कुणाची टाप नव्हती उतरायची," ते म्हणाले आणि पुढचे पान वाचायची खूण केली.