बास बोटीचा वेग : आधी मोजमाप, मग पंखा

टेक्सासमधल्या सॅम रेबर्न किंवा लेक फोर्क या जलाशयांवर शनिवारी पहाटे बास हा गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडण्याची स्पर्धा सुरू होते, तेव्हा बोटी क्रमांकाने एकामागून एक सोडल्या जातात, आणि आपण आठवडाभर आधी हेरून ठेवलेल्या जागेवर दुसरा कोणी पोहोचणार तर नाही ना, ही धाकधूक प्रत्येकाच्या मनात असते. वेगाचे वेड तिथून सुरू होते. हिशेब मात्र एकदा करून पाहावा : पंधरा मैलांच्या पल्ल्यात ताशी ६५ आणि ताशी ७० मैल यांतला फरक जेमतेम एका मिनिटाचा पडतो. तरीही बोट नीट बसवून घेण्याला अर्थ आहे, कारण जी बोट कमी पाणी ओढत धावते ती तेवढ्याच पेट्रोलमध्ये अधिक लांब जाते आणि वाऱ्याच्या दिवशी अधिक ताब्यात राहते.

जास्त ताकदीचे इंजिन लावणे हा या प्रश्नावरचा उपाय नव्हे. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये इंजिनाला २५० अश्वशक्तीची मर्यादा असते, आणि वीस फुटांपेक्षा लहान बोटीवर तिला किती अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन चालेल हे सांगणारी पट्टी ठोकलेलीच असते. त्या आकड्यापुढे जाण्याचा विचारही करू नये. तेव्हा आहे त्याच इंजिनातून अधिक काम कसे घ्यायचे, एवढाच प्रश्न उरतो. त्यासाठी बहुतेक जण सर्वांत आधी नवा प्रोपेलर विकत घेतात, आणि मीही तेच केले होते. (प्रोपेलरला कोकणातल्या बंदरांवर सरळ पंखा म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे.) वीस फुटी जुनी बोट घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी एक इंच जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात एक इंच अधिक पुढे जाणारा, स्टेनलेस स्टीलचा पंखा लावला आणि वेग वाढण्याऐवजी दोन मैलांनी उतरला. दोष पंख्यात नव्हता. इंजिन खूप खाली बसवलेले होते, बोट नको इतकी जड होती, आणि आधीच धापा टाकणाऱ्या इंजिनावर मी आणखी ओझे टाकले होते.

म्हणून पहिले काम वजनाचे. हमरस्त्यावरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटा असतो. तिथे बोट ट्रेलरसकट तोलावी, नंतर रिकामा ट्रेलर तोलावा, आणि उरलेला आकडा कारखान्याने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावा. इंजिन, बॅटऱ्या, पेट्रोल आणि सामान वजा केल्यावरही दोनतीनशे पौंडांचा हिशेब लागत नसेल, तर तळातल्या फोमने पाणी धरले असण्याची दाट शक्यता असते, आणि तसे असेल तर पुढची सगळी मेहनत त्या पाण्याला ओढण्यातच खर्च होईल. वजन बोटीत कुठून शिरते हे आकड्यांनी लवकर कळते. एक गॅलन पाणी साधारण ८.३ पौंड भरते, म्हणजे मासे जिवंत ठेवण्याची तीस गॅलनची टाकी भरलेली राहिली तर अडीचशे पौंडांचा एक जादा माणूसच बोटीत बसला असे समजावे. पेट्रोल गॅलनला सहा पौंडांहून थोडे अधिक असते. मासेमारीच्या वेळी बोट हळू सरकवणाऱ्या, पुढच्या टोकावरच्या छत्तीस व्होल्टच्या विजेच्या मोटरला लागणाऱ्या तीन मोठ्या शिसे-आम्ल बॅटऱ्या प्रत्येकी साठ पौंडांच्या आसपास असतात, तर त्यांच्या जागी बसणाऱ्या लिथियम बॅटऱ्या निम्म्याहून हलक्या मिळतात. इथे एक खोच आहे : या बॅटऱ्या बहुधा बोटीच्या मागच्या टोकाशी असतात, आणि मागचे वजन एकाएकी कमी झाले की नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पूर्वीइतके सहज उचलले जात नाही. त्यामुळे बॅटऱ्या बदलल्यास इंजिनाची उंची नव्याने जुळवावी लागते.

दुसरे काम बोटीच्या बुडाचे. बास बोटीच्या तळाला मधोमध, मागच्या बाजूला काही इंच रुंदीचा एक सपाट पट्टा असतो, त्याला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात बोट जवळजवळ तेवढ्याच पट्ट्यावर तोललेली असते. त्या पॅडच्या शेवटच्या पाच फुटांवर एक सरळ धातूची पट्टी लांबीत धरावी आणि मागे विजेरी लावावी. पट्टीच्या मध्यातून उजेड दिसला तर पॅड आत दबलेले आहे, आणि असे पॅड नाळ खाली रेटते. उलट पट्टी मध्यावर टेकून दोन्ही टोकांना हलत असेल, तर पॅड बाहेर फुगलेले आहे, आणि अशी बोट वेगात वरखाली उड्या मारते. दबलेल्या पॅडचे कारण पुष्कळदा ट्रेलरमध्ये सापडते, कारण ट्रेलरच्या आधारफळ्या बोटीच्या मागच्या टोकापर्यंत पोहोचत नसल्या तर इंजिनाचे सगळे वजन वर्षानुवर्षे अधांतरी लोंबकळत राहते. शेवाळ आणि चुन्याचा थर घासून काढणे हे सांगायला नको.

यानंतर पाण्यावर जाऊन आजची स्थिती नोंदवावी, आणि ती नोंद हातात येईपर्यंत एकही पाना उचलू नये. वेग जीपीएसवरूनच घ्यावा, कारण पाण्याच्या दाबावर चालणारे जुने वेगमापक खुशामत करण्यात पटाईत असतात. एकाच पट्ट्यात दोन्ही दिशांना धाव घेऊन सरासरी काढावी, म्हणजे वारा आणि प्रवाह यांचा परिणाम निघून जातो. वहीत प्रत्येक धावेसमोर वेग, इंजिनाचे मिनिटाचे फेरे, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दाब, इंजिनाची उंची, टाकीतले पेट्रोल आणि हवेचे तापमान लिहावे. तापमान लिहिण्याचे कारण असे की, टेक्सासच्या ऑगस्टमधली दमट, विरळ हवा आणि जानेवारीतली थंड, घट्ट हवा यांत तेच इंजिन वेगळे वागते. उंचीवरच्या जलाशयांत तर दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद कमी होते. पाणी आरशासारखे स्थिर असताना बोट त्याला चिकटते, म्हणून हलक्या लहरी असलेली सकाळ निवडावी. जीवरक्षक जॅकेट आणि इंजिन बंद करणारी दोरी अंगाला बांधूनच धाव घ्यावी. दोरीचा नियम १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने सव्वीस फुटांखालच्या मोटरबोटींना लागू आहे, पण ताशी सत्तर मैलांवर माणूस बोटीबाहेर फेकला गेला तर काय होते याची कल्पना ज्याला आहे, त्याला कायद्याची गरज पडू नये.

आता इंजिनाच्या उंचीकडे वळू, कारण माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा फायदा इथेच दडलेला असतो. इंजिनाचा जो खालचा भाग पाण्यात असतो, तो पंख्यासाठी आवश्यक असला तरी वेगासाठी अडथळाच असतो. जितका तो वर घ्यावा तितके पाणी कमी कापावे लागते. बहुतेक बास बोटींना इंजिन आणि बोटीची मागची फळी यांच्यामध्ये जॅकप्लेट नावाची सरकती चौकट असते, जी इंजिन सहा ते बारा इंच मागे नेते आणि उंची बदलू देते. मागे नेण्याचे कारण असे की बोटीखालून सुटलेले पाणी मागे थोडे वर उसळते, आणि त्या उसळत्या पाण्यात पंखा अधिक उंचीवरही पकड धरतो.

उंची मोजण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. बोट ट्रेलरवर सपाट फरशीवर उभी करून, पॅडवर पातळीदर्शक ठेवून, ट्रेलरचे पुढचे चाक वरखाली करीत पॅड अगदी आडवे करावे. मग इंजिनाचा कल असा जुळवावा की पंख्याचा दांडाही आडवा येईल. फरशीपासून पॅडच्या मागच्या कडेपर्यंत आणि फरशीपासून दांड्याच्या मध्यापर्यंत अशी दोन मापे घ्यावीत. माझ्या बोटीत पहिले माप २१ इंच आणि दुसरे १७ इंच भरले, म्हणजे दांडा पॅडच्या चार इंच खाली होता, आणि त्या दिवशी पंख्याबद्दलचा माझा सगळा राग ओसरला. सुरुवात साडेतीन इंचांपासून करावी आणि दर वेळी फक्त पाव इंच वर जावे.

प्रत्येक पाव इंचानंतर नजर पाण्याच्या दाबाच्या काट्यावर ठेवावी. पूर्ण वेगात काटा स्थिर राहिला पाहिजे. तो थरथरू लागला किंवा इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान आकड्याकडे घसरू लागला, तर थंड ठेवणारे पाणी इंजिनाला पुरत नाही असे समजून लगेच पाव इंच खाली यावे. वेगाचा एक मैल मिळवण्यासाठी हजारो डॉलरचे इंजिन जाळून घेणारे लोक मी पाहिले आहेत. काटा ठीक असूनही फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, वळणावर पंखा पाणी सोडतो, किंवा नाळ खाली बसू लागते, अशी लक्षणे दिसली की मर्यादा ओलांडली गेली.

उंची जवळपास जुळली की मगच पंखा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात : व्यास आणि पिच. पिच म्हणजे लोण्यातून स्क्रू जावा तसा पंखा एका फेऱ्यात जितके इंच पुढे जाईल तेवढे अंतर. पाणी लोणी नसल्यामुळे काही भाग निसटतो, आणि ती घसरण टक्क्यांत काढता येते. आधी कागदावरचा वेग काढावा : इंजिनाचे मिनिटाचे फेरे गुणिले पिच, भागिले गिअरचे प्रमाण, आणि पुन्हा भागिले १०५६, कारण मिनिटाला १०५६ इंच म्हणजे ताशी एक मैल. समजा, इंजिन ५८०० फेरे घेते, पिच २५ आहे आणि गिअर १.७५ ला १ आहे. तर कागदावरचा वेग ७८.५ मैल येतो. जीपीएसने ७१ दाखवले असतील, तर घसरण साडेनऊ टक्के झाली. अर्धा इंच इंजिन वर घेतल्यावर फेरे ५९०० आणि वेग ७३ झाला, तर घसरण साडेआठवर आली, म्हणजे उंचीचा बदल खरोखर कामी आला. घसरण पंधराच्या पुढे असेल तर आधी पात्यांच्या कडा हाताने चाचपाव्यात; एखाद्या खडकाला निसटता लागलेला घाव डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागतो. ती दोनतीन टक्केच निघाली, तर आनंद मानण्याऐवजी मोजमापावर संशय घ्यावा.

पिच निवडण्याची कसोटी फेऱ्यांची आहे. स्पर्धेला जाताना असते तसे सगळे वजन, म्हणजे दोन माणसे, सामान आणि पुरेसे पेट्रोल, घेऊन पूर्ण वेगात इंजिनाने कारखान्याने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाशी पोहोचले पाहिजे. पिच एक इंचाने बदलली की फेरे साधारण दीडशे ते दोनशेंनी उलट दिशेला सरकतात. तीन पात्यांचा पंखा बास बोटीत बहुधा नाळ अधिक उचलतो आणि शेवटचा मैल तोच देतो. चार पात्यांचा बोटीची मागची बाजू उचलतो, खडबडीत पाण्यात आणि वळणावर पकड सोडत नाही, आणि वजनदार बोटीला लवकर पाण्यावर, म्हणजे पाणी कापण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाण्याच्या स्थितीत, आणतो. रोज मासेमारीला जाणाऱ्याने चार पात्यांचाच घ्यावा, असे माझे मत आहे. शक्य असेल तर विकत घेण्याआधी मित्राचा पंखा उसना घेऊन पाहावा.

शेवटी चालवणाऱ्याचा हात. बोट पाण्यावर आल्यानंतर इंजिनाचा कल टप्प्याटप्प्याने वाढवत नेला की नाळ उचलते आणि वेग चढतो; मग एका टप्प्यावर बोट वरखाली उड्या मारू लागते, तिथून किंचित परत यावे. अधिक वेगात दुसराच प्रकार सुरू होतो : अरुंद पॅडवर तोललेली बोट डावीउजवीकडे डुलू लागते आणि प्रत्येक झोल आधीच्यापेक्षा मोठा होतो. अशा वेळी चाक फिरवून तिचा पाठलाग केल्यास झोल वाढतो, म्हणून चाक स्थिर धरून कल किंवा वेग जरासा कमी करावा. डुलण्याचे मूळ पुष्कळदा स्टिअरिंगमध्ये असते. इंजिन बंद असताना एकाने चाक घट्ट धरावे आणि दुसऱ्याने इंजिनाचे खालचे टोक हलवून पाहावे. थोडीही ढिलाई जाणवली तर ती काढल्याशिवाय वेगाच्या धावा घेऊ नयेत.

उंची आणि पंखा ठरला की जॅकप्लेटवर रंगाची एक बारीक रेघ मारावी, आणि पहिल्या दोनतीन धावांनंतर मागच्या फळीतले व जॅकप्लेटचे सगळे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने पुन्हा आवळावेत. रेघ सरकलेली दिसली, तर त्या दिवशी बोट पाण्यात उतरवू नये.