ऑफरोडला हात भरून येतात? या चुका टाळा

पहिल्यांदा माझे हात भरून आले तेव्हा मला हेल्मेटचा पट्टा सोडवता येईना. डी-रिंगमधून, म्हणजे पट्टा अडकवायच्या दोन कड्यांमधून, पट्ट्याचं टोक मागे ओढायचं, एवढंच काम. बोटं दिसत होती, पण ऐकत नव्हती. शेवटी बाळाचं टोपडं सोडवावं तसं मित्राने माझं हेल्मेट उतरवलं आणि मग तो आठवडाभर ती गोष्ट सगळ्यांना सांगत फिरला. वेल्ह्याकडच्या त्या मुरमाड चढावर आम्ही जेमतेम चाळीस मिनिटं होतो.

बाइकवाले याला आर्म पंप म्हणतात. कोपराखालच्या स्नायूंभोवती एक चिवट वेष्टन असतं, ते फारसं ताणलं जात नाही. मूठ आवळून धरली की स्नायूंत रक्त येतं, ते फुगतात, पण पसरायला जागा नसते. आतला दाब वाढला की पातळ भिंतीच्या शिरा दबतात आणि आलेलं रक्त परत जायला अडतं. हात दगडासारखा होतो, चार जाड गोधड्या एकट्याने पिळल्यावर होतो तसा. फरक एवढाच, की गोधडी खाली ठेवता येते आणि उतारावर ब्रेक सोडता येत नाही.

‘ताकद कमी पडते’ हे पहिलं निदान बहुतेकांचं चुकतं. मोटोजीपी या जागतिक बाइक शर्यतीतला दानी पेद्रोसा २०१५ मध्ये याच दुखण्याच्या शस्त्रक्रियेमुळे काही शर्यतींना मुकला. २०२१ मध्ये स्पेनमधल्या हेरेसच्या शर्यतीत फाबिओ क्वार्तारारो आघाडीवर होता, हात भरून आला आणि तो तेरावा आला. त्यानंतर त्यानेही शस्त्रक्रिया करून घेतली. यांची ताकद कमी म्हणायची सोय नाही. म्हणून हँड ग्रिपर घेऊन दिवसभर दाबत बसू नका. फुगणाऱ्या स्नायूला आणखी फुगवून काय साधणार? व्यायाम करायचाच तर मांड्यांचा आणि कमरेचा करा. कारण खरी चूक तिथे आहे.

हँडलला लोंबकळणं

हँडल हे वळवायला असतं, धरून राहायला नाही. हे सगळ्यांना पटतं आणि पहिल्या खड्ड्यात सगळेच विसरतात. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) दिला की बाइक पुढे सुटते, अंग मागे राहतं, आणि अंगाला ओढून नेण्याचं काम हातांवर येतं. उतारावर उलटं: सगळं वजन तळहातांवर.

सपाट मैदानावर दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, उभं राहून बाइक चालवा. आता बोटं उघडा, तळवे नुसते टेकलेले राहू द्या. अंग पुढे पडलं किंवा मागे ओढलं गेलं, तर आतापर्यंत तुमचे हातच तुम्हाला सांभाळत होते. कंबर फूटपेगच्या, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांच्या, बरोबर वर आणा, गुडघे थोडे मोडा, चवडे पेगवर ठेवा, पोटऱ्या आणि टाचा बाइकला चिकटवा. चढाला थ्रॉटल उघडायच्या आधी छाती पुढे न्या, उघडल्यावर नाही. उताराला कंबर मागे आणि टाकी गुडघ्यांत घट्ट. पहिले दोन-तीन रविवार मांड्या बोलतील. बोलू द्या.

थ्रॉटलची मूठही बघा. मनगट खाली ठेवून धरली तर पूर्ण थ्रॉटल देताना ते आणखी मोडतं आणि कोपर बरगडीला लागतो. थ्रॉटल बंद असतानाच मूठ थोडी पुढून, स्क्रू ड्रायव्हर धरतो तशी तिरकी धरा. कोपर आपोआप बाहेर येतो.

लिव्हर शोरूममधून आले तसेच ठेवणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा उपाय फुकट आहे आणि लोक मात्र आधी पैसे खर्चतात. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर सहसा बसून चालवणाऱ्याच्या सोयीने लावलेले असतात. तुम्ही उभे राहिलात की तेच लिव्हर वर येतात, मनगट मागे मोडतं आणि कोपराखालची वरची बाजू जळायला लागते.

कुणाला तरी बाइक सरळ धरायला सांगा. पेगवर तुमच्या नेहमीच्या पवित्र्यात उभे राहा आणि डोळे मिटून बोटं लिव्हरवर टाका. कोपर ते बोटांची पेरं ही रेघ सरळ यायला हवी. येत नसेल तर लिव्हर हँडलला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून लिव्हर खाली फिरवा. आरसे त्याच क्लॅम्पवर असतील तर तेही फिरतील, पुन्हा लावून घ्या. बोल्ट करकचून आवळू नका. बाइक पडली तर लिव्हर जागेवर फिरला पाहिजे, मोडता कामा नये.

मग लिव्हरचं अंतर. एका किंवा दोन बोटांच्या पहिल्या पेरात तो सहज बसावा. चार बोटांनी क्लच ओढणाऱ्याच्या हातात हँडल धरायला उरतो फक्त अंगठा. क्लच जड लागत असेल तर आधी केबल बघा. पावसाळ्यानंतर ती आतून कोरडी आणि गंजकी झालेली असते. केबलमध्ये थोडं तेल सोडून किंवा ती बदलून जो फरक पडतो, तो महागड्या लिव्हरने पडत नाही.

रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, हा आपल्याकडचा आवडता खर्च. उंच माणसाला ते लागतात, खरं आहे. पण मित्राने लावले म्हणून लावू नका. आणि लावलेच, तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणल्या जात नाहीत ना, हे आधी पाहा. ग्रिपवर चढवायचं जाड फोम कव्हर तर काढूनच टाका. मूठ जितकी जाड, तितकी ती आवळायला कष्ट जास्त.

दुखणं कुठे आहे यावरूनही बरंच कळतं. फक्त डावा हात भरत असेल तर क्लच. फक्त उजवा असेल तर थ्रॉटलची पकड किंवा पुढचा ब्रेक. दोन्ही सारखे असतील तर पाय काम करत नाहीत. आणि कोकणातल्या सड्यावर, जांभ्याच्या खडबडीत कातळावर, किंवा स्पितीतल्या पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावरच हात भरत असतील, तर टायरमधली हवा आणि सस्पेन्शन तपासा. डांबरासाठी भरलेली हवा तिथे प्रत्येक खडा थेट मनगटात पोचवते. थोडी थोडी कमी करून बघा, पण ट्यूबचा टायर असेल तर फार खाली जाऊ नका, दगडावर रिम आपटून ट्यूब फाटते. परतताना डांबर लागलं की हवा भरा.

काही बारीक गोष्टी एकत्रच सांगतो. एल्बो गार्डचा पट्टा, जॅकेटची बाही आणि घड्याळ सैल हवं. हात फुगला की सकाळी ठीक वाटलेला पट्टा आवळतो. पहिली दहा मिनिटं हळू चालवा, थंडीत तर नक्कीच. नजर चाकासमोरच्या दगडावर खिळली की मूठ आपोआप आवळते, म्हणून लांब बघा. श्वास रोखू नका. मी खडकाळ पट्ट्यात मोठ्याने पाढे म्हणतो. एकोणतीसचा पाढा म्हणताना श्वास कोंडून ठेवता येत नाही. मागून येणारे हसतात, हसू देत.

वाटेतच हात भरले तर ‘एवढा चढ झाला की थांबू’ हा हिशोब करू नका. ज्या हाताने ब्रेक दाबायचा, तोच गेलेला आहे. थांबा, बाही सैल करा, बोटं सावकाश उघड-मिट करा, पाणी प्या. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक वेळा हात उतरतो.

पाय, लिव्हर, हवा सगळं सुधारूनही प्रत्येक वेळी तेवढ्याच वेळात हात भरत असेल, तर हाडांच्या किंवा क्रीडावैद्यक डॉक्टरांना दाखवा. श्रमानंतर स्नायूंतला दाब मोजता येतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, किंवा अंगठ्याकडची तीन बोटं वरचेवर बधिर होत असतील तर ते नसेचं दुखणं असू शकतं, ते वेगळं. आणि पडल्यानंतर हात ताठर झाला, विसाव्यानेही कळ वाढतच गेली, बोटं सरळ करताना ओरडावंसं वाटलं, तर त्याला आर्म पंप समजून मालिश करत बसू नका. घड्याळ, कडं, पट्टे काढा आणि गाडीत बसून थेट रुग्णालय गाठा. बाइक मित्र आणेल.