सीमाभागातील तरुण वकिलाने पक्षकार्यात कसे उतरावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वकिलीबरोबर पक्षकार्य करू इच्छिणाऱ्या तरुणाने पहिली काही वर्षे व्यासपीठाचा मोह टाळून ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढावीत. ज्याचे पोट वकिलीवर भरत नाही, त्याला पुढे नेत्यांच्या मर्जीवर जगावे लागते, आणि असा वकील पक्षाला न आवडणारा सल्ला द्यायला कचरतो. पदवी कोल्हापुरातून घेतली असली, तरी वकिली प्रामुख्याने बेळगावात करायची असल्यास सनद (वकिलीचा परवाना) कर्नाटक राज्य वकील परिषदेकडूनच घ्यावी.

कन्नड वाचता येणे अनिवार्य समजावे. पोलीस ठाण्यातील फिर्याद, पंचनामा, जमिनीचा उतारा, नगरपालिकेची नोटीस, सारे कन्नडमध्येच हाती येते. राज्यघटनेच्या 350 अ आणि 350 ब या अनुच्छेदांच्या आधारे भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क मागायचे असले, तरी मूळ कन्नड आदेश स्वतः वाचल्याशिवाय त्या अर्जाला धार येत नाही.

पक्ष राष्ट्रीय असो वा सीमाभाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणारी महाराष्ट्र एकीकरण समिती, तरुण वकिलाची खरी गरज भाषणाच्या सभेत नव्हे, तर उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी भासते. विधानसभेच्या उमेदवाराला नमुना 26 मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यात प्रलंबित गुन्हे आणि मालमत्ता नमूद करावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार रकाने कोरे ठेवता येत नाहीत. म्हणून सांगण्यासारखे काही नसेल तेथे ‘लागू नाही’ किंवा ‘निरंक’ असे लिहिले आहे ना, हे पानागणिक बोट ठेवून तपासावे. निकालाला आव्हान द्यायचे झाल्यास निवडणूक याचिका 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते, हेही आधीच टिपून ठेवावे. एवढे काम चोख करणाऱ्याला पक्षात वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न आंदोलनाचा आहे. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, सीमाभागातील मराठी लोक निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत स्वतः चालायचे, की फेरीनंतर गुन्हे दाखल झालेल्या कार्यकर्त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहायचे, हे आदल्या दिवशीच ठरवावे. ज्या खटल्यात आपण साक्षीदार होण्याची शक्यता आहे, त्याचे वकीलपत्र घेऊ नये असा वकील परिषदेचा नियम आहे, आणि फिर्यादीत चार नावांपुढे ‘व इतर’ असे लिहिलेले असेल, तर फेरीत चाललेला वकीलही त्या इतरांत ओढला जाऊ शकतो. प्रलंबित खटल्यामुळे पोरांचे पासपोर्ट अडतात, नोकरीच्या वेळी चौकशीत अडचणी येतात. त्यामुळे दर तारखेला हजर राहणारा एक तरी वकील फेरीबाहेर राहिलाच पाहिजे. माझ्या मते हे काम घोषणांपेक्षा मोठे आहे.

महाराष्ट्राने 2004 मध्ये अनुच्छेद 131 खाली (राज्याराज्यांतील वादासाठी) थेट सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याविषयी सभेत बोलताना ‘पुढच्या तारखेला निकाल’ असे कधीही सांगू नये. लोक वकिलाचा शब्द नेत्याच्या शब्दापेक्षा अधिक मानतात.

पगारी पूर्णवेळ नोकरी पत्करल्यास, मग ती पक्षाच्या कार्यालयातील का असेना, वकिली थांबवावी लागते. आमदारकीला मात्र ही आडकाठी नाही. आमदार-खासदारांना वकिली करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. सरकारी वकिलाचे पद असेल, तर ते लाभाचे पद, म्हणजे निवडणुकीस अपात्र ठरवणारे सरकारी पद, ठरते का, हे निवडणुकीचा अर्ज भरण्यापूर्वी तपासून घ्यावे.

आणखी एक प्रसंग हमखास येतो. पक्षाचेच दोन कार्यकर्ते, सख्खे भाऊ, वाटणीच्या दाव्यात समोरासमोर येतात आणि दोघेही आपल्याच वकिलाकडे धाव घेतात. एकाला सल्ला दिल्यानंतर दुसऱ्याची बाजू घेता येत नाही; म्हणून कोणाचीही कागदपत्रे उघडण्यापूर्वीच दोघांनाही वेगवेगळ्या वकिलांची नावे सुचवावीत, आणि पक्षाच्या बैठकीत त्या दाव्याचा विषय निघाल्यास बोलण्यास नम्रपणे नकार द्यावा.