खातं भाड्यानं मागायलेत? द्यायच्या आधी हे वाचा

माझं झेरॉक्सचं दुकान बेळगावात बँकेला लागूनच आहे, त्यामुळं कोण कसले कागद घेऊन येतंय ते दिसतंय. मागच्या वर्षी गल्लीतलाच एक पोरगा आला, डिग्री झालेली, काम नाही, हातात कोरं पासबुक, एटीएमचा न फोडलेला लिफाफा आणि नवं सिम. बाहेर एकजण बायकवरनं उतरलाच नाही. विचारलं तर म्हणाला, काका, खातं कंपनीला वापरायला द्यायचंय, महिन्याला 5 हजार देतात. मी कॉपी काढून दिली आणि गप्प बसलो, चूक माझीपण. दोन महिन्यांत खातं फ्रीज, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस, आणि बायकवाल्याचा फोन बंद.

ह्याला म्यूल खातं म्हणतात, म्हणजे दुसऱ्याचं ओझं वाहणारं खेचर. ऑनलाइन फसवणुकीचा पैसा आधी असल्या खात्यात येतो, तिथनं लगेच पाच-दहा खात्यांत फुटतो, मग कुठं कॅश, कुठं क्रिप्टो, आणि शेवटी प्लॉट नाहीतर सोनं होऊन पांढरा बनून बसतो. पोलिसांना सगळ्यात आधी सापडतो तो खातेदार, कारण आधार त्याचं असतंय. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या पीएमएलए कायद्यात 3 ते 7 वर्षं सक्तमजुरी आहे.

तर ओळखायचं कसं? पासबुकाबरोबर सिम मागितलं की तिथंच उठा, ओटीपी त्याच्याकडं गेला म्हणजे खातं तुमचं राहिलंच नाही. पतसंस्थेत ‘तुझ्या नावावर थोडी थोडी कॅश भर’ म्हणणारा पाहुणा असला तरी नको म्हणा. 10 लाखाच्या वरच्या कॅशचा रिपोर्ट दिल्लीला एफआययूकडं, म्हणजे असल्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडं जातो हे त्याला माहीत असतंय, म्हणून तुकडे. पण संशय आला तर रक्कम कितीपण असू दे, बँक कळवते, आणि तुम्हाला सांगतसुद्धा नाही. प्लॉटवाला 2 लाख किंवा जास्त रोख घेतो म्हणाला तरी सावध, तेवढी रोख घ्यायला इन्कम टॅक्सनं बंदी आहे. हवाल्याची, म्हणजे बँकेला वगळून पैसे पाठवायची चिठ्ठी किंवा खूण म्हणून नोटेचा नंबर घेऊन कुणाची पिशवी कोल्हापूरला पोचवायची असली कामं तर नकोच, इलेक्शनच्या टायमाला महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर स्वतःचे 50 हजार असले तरी कागद दाखवताना घाम फुटतोय.

दहशतवादाचा पैसा मात्र उलटा चालतो. तिथं पैसा कष्टाचा, वर्गणीचापण असू शकतो, रक्कम बारकी असते, घाण असते ती तो जिथं पोचतो तिथं. म्हणून मदतीचा क्यूआर व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतंय बघा, संस्थेच्या नावानं मागून खाजगी माणसाचं खातं निघालं तर सोडून द्या. खरी संस्था पावती आणि पॅन नंबर देते. जाणूनबुजून दिलेल्या पैशाला यूएपीए ह्या दहशतवादविरोधी कायद्यात 5 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

आणि खात्यात अनोळखी पैसे आलेच तर खर्चू नका, ‘चुकून आले, ह्या नंबरवर परत टाका’ म्हणून फोन आला तरी टाकू नका, त्या साखळीत तुम्हीच पुढची कडी होता. ब्रँचला लेखी अर्ज द्या. खातं आधीच कुणाला दिलं असेल तर आजच एटीएम ब्लॉक करा, खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलून घ्या आणि वकिलाला गाठून सायबर पोलिसांत स्वतः जा. स्वतःचेच पैसे गेले असतील तर 1930 ह्या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. अर्जावर शिक्का मारलेली पोहोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही, आणि तिची एक झेरॉक्स घरात ठेवा, 2 रुपये लागतात.