काळजी कमी करायला जाता ती वाढते कशी? या चुका टाळा

माझी लेक डोंबिवलीहून रोज मुंबईला नोकरीला जाते. पहिली दोन वर्षं माझा जीव तिच्या पोचण्यावर टांगलेला असायचा. ती साडेआठच्या सुमाराची फास्ट पकडायची आणि दहाच्या ठोक्याला मी फोन करायचे. उचलला नाही तर व्हॉट्सॲप उघडून ती शेवटची कधी दिसली ते बघायचं. तिथंही काही कळलं नाही तर बातम्या लावायच्या. कुणी गाडीतून पडलं का, कुठं काही झालं का. तोवर पोटात गोळा आलेला असायचा, हात गार पडलेले असायचे. मग तिचा फोन यायचा, "आई, मीटिंगमध्ये होते गं." सगळं एका क्षणात ओसरायचं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा तेच, आणि आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्तच.

त्या क्षणात ओसरण्यातच सगळी मेख होती. समुपदेशक बाईंनी ते समजावलं तेव्हा मला पटायला वेळ लागला. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो, धोक्याची घंटा वाजवण्यात त्याचा मोठा हात असतो. त्याला समजुतीच्या गोष्टी कळत नाहीत, तो अनुभवावरून शिकतो. मी फोन केला, लेक सुखरूप निघाली, मला हायसं वाटलं. यातून तो काय शिकला? धोका खराच होता आणि फोन केला म्हणून निभावलं. मग उद्या तो घंटा आणखी लवकर वाजवणार. पुढे ज्या चुका सांगतेय, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी हेच आहे: आत्ता बरं वाटावं म्हणून आपण जे करतो, त्यावर काळजी पोसली जाते.

पुन्हापुन्हा खात्री करून घेणं

गॅस बंद आहे ना, कुलूप नीट लागलं ना, साहेब रागावले तर नाहीत ना, पोचलीस ना. एकदा बघणं किंवा विचारणं ही सावधगिरी झाली. तिसऱ्यांदा बघताना नवी माहिती काहीच मिळत नाही, मिळतो तो फक्त दिलासा. दिलाशाची मुदत फार थोडी असते.

हे एकदम तोडायला जाऊ नका, जमत नाही. मी आधी फोन दहा मिनिटं पुढे ढकलला. दहा वाजून दहा मिनिटांनी केला, मग साडेदहाला. ती दहा मिनिटं फार जड गेली, हे खरं सांगते. त्या वेळात स्वतःला गुंतवून विसरायचंही नव्हतं. हातपाय गार पडताहेत, छाती धडधडतेय, हे कळत असताना भाजी निवडत बसायचं होतं. तिसऱ्या आठवड्यात एकदा घड्याळ बघितलं तर साडेअकरा झाले होते आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

घरच्यांना यात सामील करून घ्या. ते मायेपोटी दरवेळी "काही नाही होणार, सगळं ठीक आहे" म्हणतात आणि नकळत तीच सवय पक्की करतात. आमच्याकडे ठरलं होतं की मी दुसऱ्यांदा विचारलं तर लेकीनं एवढंच म्हणायचं, "आई, याचं उत्तर मी सकाळी दिलंय." सुरुवातीला मला ते लागायचं. पण तिनं शब्द पाळला, ती माझ्यावर ओरडली नाही आणि विरघळलीही नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

टाळणं

एकदा गर्दीत जीव घाबरला, घाम फुटला, आता मरतो की काय असं वाटलं, की माणूस गाडीच सोडतो. मग रिक्षा, मग घरून काम, मग लग्नसमारंभही नको. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं आणि जग एकेका पायरीनं आकसत जातं.

परतीची वाटही पायरीपायरीनंच असते. लोकलची भीती असेल तर पहिले काही दिवस दुपारच्या निवांत वेळी नुसतं फलाटावर जाऊन बसा. मग स्लो गाडीनं एकच स्टेशन, डोंबिवली ते ठाकुर्ली. ते सवयीचं झालं की ठाणं. गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी. यात एक चूक हमखास होते: भीती टोकाला पोचते आणि नेमका त्याच क्षणी माणूस पुढच्या स्टेशनावर उतरतो. तिथं उतरलं की मेंदू भीतीच शिकतो. घाबरेपणाचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि पुढे आपोआप उतरायला लागतो, कारण शरीर तेवढा जोर फार वेळ टिकवू शकत नाही. तो उतार बसल्या जागी अनुभवायचा असतो. हातात घट्ट धरलेली पाण्याची बाटली, पर्समधली गोळी, सोबतीला नवरा, या कुबड्याही हळूहळू सोडायच्या. नाहीतर श्रेय त्यांच्याच खात्यात जातं.

"मोठा श्वास घे"

हा सल्ला सगळेच देतात आणि बहुतेक वेळा तो अर्धवट असतो. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात त्यानं छाती फुगवून आणखी मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात आणि तो आणखी घाबरतो.

लक्ष श्वास सोडण्याकडे ठेवा. नाकानं सावकाश आत घ्या, मनात चार आकडे मोजून, आणि सहा आकडे मोजत बाहेर सोडा. पोट हलायला हवं, खांदे नाही. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून तो लांबवायचा. हे ऐन घबराटीत पहिल्यांदा करून बघू नका. रोज पाच मिनिटं, मन शांत असताना सराव करा. पोहायला कुणी पुरात शिकत नाही.

विचार ढकलून देणं

"तो विचारच मनात आणू नकोस" हे सांगणं सोपं आहे. डॅनिअल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1987 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा आधी विचार दाबलेल्यांच्या मनात अस्वल जास्तच वेळा आलं.

मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलोय. ढकलण्यापेक्षा त्या चिंतेला वेळ नेमून द्या. मी संध्याकाळी सहाला अर्धा तास वही घेऊन बसते. दिवसभरात जे डोकं वर काढेल त्याला एका शब्दात वहीत टाकायचं आणि "सहाला बघू" म्हणायचं. सहाला प्रत्येक शब्दापुढे लिहायचं: यात मला उद्या करण्यासारखं काही आहे का? असेल तर ते काम आणि वेळ लिहायची. नसेल तर तसं लिहायचं. सहा वाजेपर्यंत निम्म्या शब्दांतला दम गेलेला असतो.

ही बैठक झोपायच्या आधी घेऊ नका आणि अंथरुणात तर नाहीच. झोप येत नाही म्हणून लोक नऊलाच आडवे होतात, घड्याळ बघत कूस बदलतात, आणि अंथरूण हीच काळजी करायची जागा होऊन बसते. वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. आणि चहा. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतं. धडधड होणाऱ्यांनी दुपारनंतरचा चहा महिनाभर सोडून बघावा.

छातीत दुखलं तर

इथं दोन्ही बाजूंनी चुका होतात. पहिल्यांदा छातीत दुखलं, दम लागला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर "टेन्शनमुळे असेल" किंवा "गॅस असेल" हे स्वतः ठरवू नका. 108 ला फोन करा, इसीजी काढा. बायकांच्या बाबतीत तर घरचेच हे फार पटकन मनावर ढकलतात, ते जिवावर बेतू शकतं. थायरॉइड वाढलेला असला किंवा अंगात रक्त कमी असलं तरी धडधड होते, तेही तपासायला हवं.

पण तपासण्या व्यवस्थित झाल्या, डॉक्टरांनी हृदय ठीक आहे असं सांगितलं, तर दर महिन्याला नव्या डॉक्टरांकडे इसीजी काढत फिरू नका. ते पुन्हा खात्री करून घेणंच झालं.

गोळ्यांच्या बाबतीत

शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्या पाकिटातली गोळी घेणं सर्रास चालतं. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी अर्ध्यापाऊण तासात शांत वाटतं, म्हणूनच त्यांची सवय लागते. त्या सरकारी औषध नियमांतल्या एच-1 या यादीत आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. बरेच महिने घेतलेल्या अशा गोळ्या एकाएकी थांबवल्या तर फिटही येऊ शकते, म्हणून कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच.

याच्या उलट, मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य-चिंतेसाठी दिलेली रोजची गोळी लोक "सवय लागेल" म्हणून आठ दिवसांत बंद करतात. या गोळ्या वेगळ्या. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते. हे आधी माहीत असलं तर माणूस धीर धरतो. त्याही मनानं एकदम सोडायच्या नसतात. दारूबद्दल एवढंच सांगते: रात्री तिनं जेवढं सैल वाटतं, त्याहून जास्त धडधड पहाटे वसूल होते.

खऱ्या अडचणीला मनाचा आजार समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. डोक्यावर सावकाराचं कर्ज असेल, वरिष्ठ रोज अपमान करत असतील, घरात मारहाण होत असेल, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं एकट्या सुनेवर पडलं असेल, तर तिला प्राणायाम शिकवून काय होणार? तिची धडधड बरोबर सांगतेय. तिथं कामाची वाटणी बदलायला हवी, आठवड्यातले दोन दिवस नणंदेनं यायला हवं, कर्जाचा हिशेब कुणीतरी सोबत बसून मांडायला हवा. "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणण्यापेक्षा "यातलं कुठलं काम मी घेऊ?" असं विचारा.

झोप, जेवण किंवा काम काही आठवडे विस्कटलेलं असेल तर स्वतःच्या प्रयोगांवर थांबू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर चोवीस तास, फुकट आणि मराठीतूनही बोलता येतं. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. जगणं नको वाटत असेल, तसे विचार येत असतील, तर आजच, याच घडीला फोन करा, आणि घरातल्या एका माणसाला तरी सांगा.

लेक आता पोचल्याचं कळवत नाही, तसं आमच्यात ठरलंय. जुलैत मुसळधार पावसानं गाड्या रखडतात त्या दिवशी मात्र मी एकदा विचारते, "कुठं आहेस?" तिचं उत्तर आलं की फोन चार्जिंगला लावून स्वयंपाकाला लागते.